पंडिता रमाबाई आणि केडगावची मंडळी



पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ ठरलेली असते : शारदा सदन व मुक्ती सदनाच्या संस्थापिका. मुलं ती ओळ पाठ करतात, जोड्या लावतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. पण त्या ओळीच्या मागे जे आहे ते फार मोठं आहे. शिवाय आपल्यासारख्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या माणसांना विचार करायला लावणारं आहे.

आजच्या लेखात रमाबाईंचं चरित्र एका वेगळ्या बाजूने पाहू या. पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं गाव आहे. (नगरजवळचं केडगाव वेगळं, मुलांचा इथे हमखास घोळ होतो.) या गावात रमाबाईंच्या हातून एक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. एका ठिकाणी एकत्र येऊन उपासना करणाऱ्या समूहाला आपले मराठी ख्रिस्ती बांधव ‘मंडळी’ म्हणतात. किती छान, घरगुती शब्द आहे ना! ही मंडळी कशी जन्माला आली, कशी वाढली आणि तिच्यासाठी रमाबाईंना काय गमवावं लागलं, ते बघू.

बालपण : पायी चालणारी शाळा

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ या अरण्यभागात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. अनंतशास्त्री मोठे विद्वान, पण त्यांनी एक ‘अपराध’ केला होता. आपल्या बायकोला त्यांनी संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईने संस्कृत शिकणं म्हणजे धर्म बुडाला, असंच लोकांना वाटायचं. शास्त्रीबुवा बधले नाहीत. पुढे आईने रमाला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. शाळा नाही, फळा नाही, पाटी नाही. पहाटे आईच्या तोंडून श्लोक ऐकायचे आणि चालता चालता म्हणायचे. रमाबाईंची हजारो श्लोक तोंडपाठ असण्याची ख्याती होती ती या शिक्षणामुळे.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास उपासमारीत आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. दोघं पायी हिंडत राहिले. अंगावर धड कपडे नाहीत, कधी पाला-कंद खाऊन दिवस काढायचा. वाचकहो, ही भूक लक्षात ठेवा. वीस-बावीस वर्षांनी केडगावात जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

1878 मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे किताब दिले. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामातल्या सिल्चरला थाटला. 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या सुरुवातीला पटकीने बिपिनबाबू गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी.

सिल्चरच्या घरातच त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका पडली होती. त्यांनी ती उत्सुकतेने वाचली. पतीला ते फारसं रुचलं नव्हतं. विषय तिथेच थांबला, पण मनात राहिला.

पुणे, इंग्लंड आणि नवा धर्म

1882 मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे ठामपणे मांडलं. आज आपल्या शाळेत निम्म्याहून अधिक बाई असतात, तेव्हा या साक्षीची आठवण ठेवायला हरकत नाही.

1883 मध्ये डॉक्टर व्हायच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण होऊ शकलं नाही. त्या वाँटेज गावी सेंट मेरी पंथाच्या भगिनींकडे राहिल्या. एकदा या भगिनींनी त्यांना लंडनमधलं एक घर दाखवलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. रमाबाईंना हे नवीन होतं. अशा बायकांना हाकलून देणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण जवळ घेणारे पाहिले नव्हते. हे कुठून येतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करा. पण गंमत अशी की तिकडे इंग्लंडातही त्या कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायची, हे त्यांना जमेना. पटल्याशिवाय मान्य करणार नाही, असा त्यांचा बाणा. भगिनींशी त्यांचे पत्रातून कडाक्याचे वाद झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत त्या वाद घालत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला म्हणजे आपला देश, आपली भाषा आणि आपलं ताट बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. केडगावच्या मंडळीला पुढे जो आकार आला, तो या हट्टातून आला.

शारदा सदन : दिलेला शब्द आणि उघडं दार

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. तिथे त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली (आपल्यासाठी ही महत्त्वाची नोंद!). उच्चवर्णीय हिंदू विधवांची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. अट एकच, की शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार होणार नाही.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. 1890 मध्ये शाळा पुण्याला आली. केशवपन झालेल्या, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलेल्या मुली इथे शिकू लागल्या, खेळू लागल्या.

आता खरा पेच इथे सुरू होतो. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, हा नियम रमाबाईंनी पाळला. मुलींना स्वतःची पूजाअर्चा, सोवळं-ओवळं करायला मोकळीक होती. ग्रंथालयात हिंदू शास्त्रं होती आणि बायबलही होतं. पण रमाबाई रोज स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही आणि उठवलंही नाही.

यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने कडक टीका केली. शाळेच्या सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर होते. त्यांनी 1893 मध्ये राजीनामे दिले. पंचवीसएक मुलींना पालकांनी काढून नेलं.

आता तुम्हीच विचार करा, चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं, माझ्या खोलीत मी प्रार्थना करते, ती लपवून का करू? मुलगी हिंदू राहून गीता वाचू शकते, तर बायबल का वाचू शकत नाही? पालकांचं म्हणणं, आमची मुलगी शिकायला पाठवली आहे, धर्म बदलायला नाही. लहान मुलीवर तिच्या आवडत्या बाईंचा प्रभाव पडणारच, मग दार उघडं ठेवणं आणि हाताला धरून आत नेणं यात फरक तो काय उरला? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, असं मला वाटतं. आपण शिक्षक वर्गात जे बोलतो त्यापेक्षा आपण जसे वागतो ते मुलं जास्त उचलतात, हे आपल्याला रोज दिसतं. बॉस्टनच्या मंडळाने चौकशी करून रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला, पण पुण्याचा विश्वास उडाला तो उडालाच.

या वादाचं आणखी एक फळ सांगायला हवं. विधवांना शिक्षण हवं, पण ते हिंदू समाजात राहून मिळावं, या विचाराने धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये आपलं काम सुरू केलं. त्यातून हिंगण्याची संस्था उभी राहिली. म्हणजे भांडणातून एकाच्या दोन वाटा झाल्या आणि दोन्ही वाटांनी मुलीच शिकल्या.

केडगाव : आधी भाकरी, मग मंडळी

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. संस्थेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून त्यांनी केडगावला रेल्वेच्या जवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. तोवर तिथे मंडळीचा विचारही नव्हता.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचं बालपण आठवलं आणि त्या थेट तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली त्यांनी उचलून आणल्या. शिवाय भुकेल्या मुलींना फसवून नेणारे लोक तिथे टपून बसलेले होते. सुमारे तीनशे मुली आणल्या गेल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली आणि एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर तंबू ठोकले, झोपड्या उभ्या केल्या. हीच मुक्ती सदनाची सुरुवात.

या मुली शारदा सदनातल्या मुलींसारख्या नव्हत्या. वेगवेगळ्या जातींच्या, बहुतेकींना अक्षरओळख नाही, अंगावर जखमा, मनात भीती. कुणी अन्न लपवून ठेवायची, कुणी मारामारी करायची. रमाबाईंनी युक्ती काय केली? शारदा सदनातल्या शिकलेल्या मोठ्या मुलींकडे या नव्या मुली वाटून दिल्या. आंघोळ घालणं, केस विंचरणं, औषध लावणं, अक्षर गिरवून घेणं, सगळं त्या करत. काही वर्षांपूर्वी घरच्यांनी ज्यांना ओझं मानलं, त्याच आता दुसऱ्यांच्या आया झाल्या.

मुक्ती सदन सुरुवातीपासून उघडपणे ख्रिस्ती होतं. पुण्याच्या वादाचा धडा रमाबाईंनी असा घेतला, की इथे जे आहे ते सांगूनच करायचं. दुष्काळातून आलेल्या मुलींपैकी पुष्कळजणींनी बाप्तिस्मा घेतला. गावापासून काही मैलांवरच्या भीमा नदीच्या पात्रात हे बाप्तिस्मे होत. बैलगाड्यांची रांग नदीकडे निघायची. अशी या मंडळीची सुरुवात झाली. आधी पोटाला भाकरी, मग हाताला काम, मग पाटी-पेन्सिल आणि या सगळ्याबरोबर प्रार्थना.

1899-1900 मध्ये गुजरात, काठेवाड, राजपुतान्यात दुष्काळ पडला. पुन्हा शेकडो मुली आल्या. केडगावात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली! मध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवताना आपली दमछाक होते. इथे दोन हजार तोंडांचा दोन वेळचा स्वयंपाक रोज. दळण, कांडण, विणकाम, शिवण, शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका-मुलीच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवली जात असे. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. लंडनला पाहिलेलं ते घर रमाबाईंनी आपल्या मातीत आणलं, असंच म्हणा ना.

शतक पालटता पालटता प्रशस्त दगडी चर्चही उभं राहिलं. रमाबाईंनी ही मंडळी कुठल्याही एका ख्रिस्ती पंथाच्या ताब्यात दिली नाही. कुठल्याही पंथाचे लोक येत, मदत करत, पण हुकूम कुणाचाच चालत नसे.

1905 च्या जानेवारीपासून रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणारा एक गट तयार केला. सुरुवातीला सत्तरएकजणी होत्या, जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या अखेरीस प्रार्थनेची अशी लाट आली, की मुली रडत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करत, टाळ्या वाजवून गात. ही घटना जगभरच्या ख्रिस्ती लोकांत गाजली. काही गोऱ्या मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी मात्र मुलींना थांबवलं नाही. भारतीय माणसाचं मन आपल्या रीतीने मोकळं होतं, त्याला परदेशी शिस्तीच्या चौकटीत बसवू नये, अशी त्यांची भूमिका होती. मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले आणि मंडळी आवाराच्या भिंतीबाहेर पोचली.

संस्कृत पंडितेची साधी मराठी

शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत रमाबाईंनी आणखी एक मोठं काम केलं. संपूर्ण बायबलचं मराठीत भाषांतर. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल तेव्हाही होतं, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या मुलींना ती कळत नाही, असं त्यांना वाटे. विचार करा, हजारो संस्कृत श्लोक पाठ असलेली बाई ठरवून संस्कृत शब्द टाळते आहे! का? तर समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोरीला वाचता यावं म्हणून. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं काम केडगावच्या छापखान्यात बायकांनीच केलं.

1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. आईचा उजवा हात आणि संस्थेची पुढची वारस गेली. रमाबाई खचल्या, पण भाषांतराची प्रुफं तपासणं त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं. भारत सरकारने 1989 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे आणि मंडळीही आहे.

आपण यातून काय घ्यायचं?

रमाबाईंचा धर्म कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. इंग्लंडात स्वतः रमाबाईंनी धर्मगुरूंना सांगितलं, की मी माझं मन कुणाच्या हाती देणार नाही. पुढे त्यांच्याच छपराखाली दोन हजार जीव होते. त्यांना अन्न देणाऱ्या रमाबाई, अक्षर देणाऱ्या रमाबाई आणि धर्म दाखवणाऱ्याही रमाबाईच. त्या मुलींना नाही म्हणण्याइतकी मोकळीक खरंच वाटत असेल का? हा प्रश्न रमाबाईंचं मोठेपण कमी करत नाही. उलट, ज्याच्या हातात मुलाची भाकरी आणि पाटी आहे, त्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायला हवा. म्हणजे तुम्ही आणि मी सुद्धा. मूल आपल्याला खूश करायला मान डोलावतं, की त्याला पटलं म्हणून, हे ओळखणं हीच आपली खरी परीक्षा.

मुलांना ही गोष्ट सांगताना धर्माच्या वादापासून सुरुवात करू नका. दुष्काळात पायी चालणाऱ्या मुलीपासून करा. मोठ्या वर्गात मात्र उघड्या दाराची गोष्ट जरूर सांगा आणि दोन गट करून चर्चा घ्या. एका गटाने रमाबाईंची बाजू मांडायची, दुसऱ्याने पालकांची. नंतर बाजू बदला. मुलं काय बोलतात ते ऐका, मध्ये बोलू नका.

आणि नकाशात केडगाव दाखवायला विसरू नका. पुण्याहून दौंडकडे जाताना खिडकीतून ते स्टेशन दिसलं, की मुलांनी तुम्हाला हलवून सांगायला हवं : बाई, बघा, रमाबाईंचं केडगाव आलं!